गावोगाव पुस्तकांच्या पेट्या धाडणारा राजा

हॉस्टेलवर पहिल्या वर्षी कुणी गाव विचारलं आणि मी टेंभुर्णी म्हणालो, की समोरच्याला हटकून सोलापूर हायवे आठवायचा. ती टेंभुर्णी माढा तालुक्यातली. आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. हे एवढं समजावून सांगण्यात पहिलं सेमिस्टर गेलं. असो.

मुद्दा गावाचा नाही, कपाटाचा आहे. लहानपणी मी ज्या एका शाळेत होतो (नाव राहू द्या), तिथे हेडमास्तरांच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं. आत पुस्तकं ओळीनं लावलेली. काचेतून पाठीवरची नावं वाचता यायची. कपाटाला कुलूप होतं आणि चावी एका सरांकडे असायची. पुस्तकं फाटली, हरवली तर पगारातून कापून जाईल ही त्यांची भीती, आणि ती काही खोटी नव्हती. त्यामुळे सहा वर्षं मी पुस्तकांची फक्त नावं वाचली. मागच्या सुट्टीत बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांचं चरित्र हाती लागलं आणि ते कपाट पुन्हा डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, यंदा मॅगझिनसाठी याच माणसावर लिहावं.

सयाजीराव म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बाबासाहेबांना दिलेली शिष्यवृत्ती. फार तर बँक ऑफ बडोदा, जी १९०८ साली त्यांच्या आश्रयानं निघाली. पण या राजानं भारतात पहिल्यांदा एका अख्ख्या राज्यात, खेड्यापर्यंत, फुकट वाचनालयांचं जाळं विणलं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला तरी नव्हतं.

मूळ गोष्ट सुरू होते नाशिक जिल्ह्यात. मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. मार्च १८६३ मध्ये तिथल्या काशीराव गायकवाडांच्या घरी हा मुलगा जन्मला. नाव गोपाळ. गायकवाडांच्या राजघराण्याशी नातं होतं, पण ते कागदावरचं. घर शेतकऱ्याचं. गोपाळ बारा वर्षांचा झाला तोवर शेत, गुरं, नदी एवढंच त्याचं जग होतं. अक्षरओळख जवळजवळ नव्हतीच.

तिकडे बडोद्यात १८७५ साली मोठी उलथापालथ झाली. मल्हारराव गायकवाडांवर इंग्रज रेसिडेंटला विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप आला, खटला चालला आणि शेवटी गैरकारभाराचं कारण दाखवून इंग्रजांनी त्यांना गादीवरून उतरवलं. त्यांच्या आधीचे राजे खंडेराव. त्यांच्या पत्नी जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. भाऊबंदांमध्ये शोध सुरू झाला आणि तीन मुलं बडोद्याला नेण्यात आली : आनंदराव, गोपाळराव, संपतराव. इथे कशासाठी आलास, असं तिघांना विचारलं तेव्हा बाकीच्यांनी काहीबाही उत्तरं दिली, गोपाळनं मात्र राजा व्हायला आलोय असं ठणकावून सांगितलं, अशी गोष्ट सांगतात. चरित्रकारांना अशा गोष्टी आवडतात. खरी असो नसो, २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि कवळाण्याचा गोपाळ सयाजीराव झाला.

आता कल्पना करा. आपण केजीपासून पाठ्यपुस्तकं घेऊन बसलेलो, तरी बारावीला आपली काय गत होते. या मुलाला तेराव्या वर्षी मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकाव्या लागल्या. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले होते. दिवसभर अभ्यास, घोडेस्वारी, तालीम. दिवाण सर टी. माधवराव कारभार बघत होते आणि भावी राजाला राज्यकारभाराचे धडे देत होते. सहा वर्षांत हे सगळं उरकून २८ डिसेंबर १८८१ ला अठरा वर्षांच्या सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले. म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या वयात वीस लाखांच्या आसपास लोकवस्तीचं राज्य.

उशिरा शिकलेल्या माणसाला वाचनाची किंमत वेगळी कळते, असं मला हे चरित्र वाचताना सारखं वाटत राहिलं. महाराजांना पुढे वाचनाचं अक्षरशः वेड लागलं. झोप कमी, संधिवातासारखी दुखणी मागे लागलेली, त्यामुळे पुस्तकं वाचून दाखवायला त्यांनी पगारी वाचक ठेवले. १८८९ साली या कामावर गोविंद सखाराम सरदेसाई नावाचा तरुण लागला. राजाला वाचून दाखवायचं आणि राजपुत्रांना शिकवायचं, ही नोकरी. मुलांना इतिहास शिकवण्यासाठी सरदेसाई टिपणं काढू लागले, टिपणं वाढत गेली आणि त्यातूनच पुढे मराठी रियासतीचे खंड उभे राहिले. रियासतकार सरदेसाई ते हेच.

राज्य हाती आल्यावर महाराजांनी काय काय केलं याची यादी फार लांब आहे, ती मी देत बसत नाही. आपल्या कामाच्या दोनच गोष्टी सांगतो. एक, आजव्याचं धरण. बडोद्याला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून १८८५ ते १८९२ या काळात तो तलाव बांधला गेला. सिव्हिलवाल्यांनी कधीतरी त्यावर सेमिनार द्यावा. दुसरी गोष्ट कलाभवन. १८९० साली सुरू झालेली ही तंत्रशिक्षणाची संस्था. रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर तिचे पहिले प्रमुख. धंदेशिक्षण देशी भाषेत दिलं तरच ते कारागिराच्या पोरापर्यंत जाईल असं गज्जरांचं मत होतं आणि महाराजांना ते पटलं. त्यासाठी देशी भाषेत शास्त्रीय पुस्तकं नव्हती, ती तयार करवून घेण्याचं काम काढलं. (हेच गज्जर पुढे मुंबईत गेले. चाफेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं, ते डाग कुणाला निघेनात, ते गज्जरांनी काढले. केमिकलवाल्यांसाठी जाता जाता.) आपले दादासाहेब फाळकेसुद्धा या कलाभवनात शिकले. आजचं बडोद्याचं इंजिनिअरिंग कॉलेज याच कलाभवनातून वाढलं.

आता वाचनालयांकडे येतो. त्याआधी शाळा आल्या, आणि शाळांनीच वाचनालयांची गरज दाखवून दिली, म्हणून थोडं शाळांबद्दल.

१८९३ मध्ये महाराजांनी अमरेली तालुक्यातल्या काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. तेरा वर्षं ते करून बघितलं, अडचणी पाहिल्या आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असं काही नव्हतं. प्रोटोटाइप आधी, प्रॉडक्शन नंतर, अशी ही पद्धत. पण मग लक्षात आलं की मुलगा चौथी होतो, शाळा सोडतो, औत धरतो आणि चार-पाच वर्षांत लिहायला-वाचायला विसरतो. का? तर वाचायला काहीच नाही. गावात छापील कागद म्हणजे तलाठ्याची नोटीस आणि वाण्याच्या दुकानातली पुडी. शाळेवर केलेला सगळा खर्च असा गळून जात होता. टाकी भरली, पण तळाला भोक.

याच सुमारास राज्यात मोतीभाई अमीन नावाचे एक शिक्षक होते. गावात पाच-दहा माणसं जमवायची, वर्गणी काढायची, वर्तमानपत्रं आणि मासिकं मागवायची आणि ती सगळ्यांनी वाचायची, असा उद्योग त्यांनी मित्रमंडळ या नावानं चालवला होता. सरकारी हुकूम नाही, ग्रँट नाही. हौस. पुढे महाराजांच्या ग्रंथालय खात्यात मोतीभाईंना मोठ्या जागेवर घेतलं गेलं. मला या गोष्टीचं कौतुक वाटतं. स्वतःहून काम करणारा माणूस हेरून त्याला खात्यात आणणं दरवेळी होत नाही. बहुतेकदा खातं एका बाजूला आणि असा माणूस दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचं भांडण.

महाराज परदेशात खूप फिरले. १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले, तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून परत आल्यावर प्रायश्चित्ताचा घोळ झाला होता. नंतर इतक्यांदा गेले की लोकांनी मोजणंही सोडलं असेल. इंग्रज सरकार आणि राज्यातले टीकाकार, दोघंही यावर नाराज. राजा घरी राहत नाही, खर्च करतो. टीका अगदीच निराधार नव्हती. पण प्रत्येक प्रवासातून काहीतरी उचलून आणायचं, ही त्यांची खोड होती. अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली. कुणीही आत यावं, काहीही वाचावं, पैसे नाहीत. १९१० च्या अमेरिका दौऱ्यात त्यांची गाठ विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाशी पडली. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहरातल्या एका संस्थेच्या ग्रंथालयाचे ते प्रमुख होते. वय पन्नाशीच्या पुढे. अमेरिकेतले नावाजलेले ग्रंथपाल चार्ल्स कटर यांच्या हाताखाली काम केलेले, मेल्विल ड्यूई यांच्या ग्रंथालयशाळेत शिकवलेले. ड्यूई म्हणजे तेच, ज्यांच्या दशांश पद्धतीचे आकडे आपल्या लायब्ररीत पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेले असतात.

महाराजांनी त्यांना बडोद्याला या म्हटलं आणि ते आले. त्या वयात, ओळखीचं गाव सोडून, भाषा येत नाही अशा मुलखात, पुस्तकं लावायला. राज्याच्या ग्रंथालयांचे संचालक म्हणून बॉर्डन १९१० ते १९१३ अशी तीन वर्षं बडोद्यात राहिले.

पहिलं काम मध्यवर्ती ग्रंथालयाचं. त्यासाठी महाराजांनी राजवाड्यातला स्वतःचा संग्रह देऊन टाकला. वीस हजारांच्या घरात पुस्तकं होती. वाचनाचं वेड असलेल्या माणसानं आपली पुस्तकं सगळ्यांच्या हाती देणं म्हणजे काय, हे ज्यांची एकच पायरेटेड कादंबरी शेजारच्या रूममधून परत आलेली नाही त्यांनाच कळेल. बायकांसाठी, मुलांसाठी स्वतंत्र विभाग केले. फी नाही. कटर आणि ड्यूई या दोघांच्या पद्धती एकत्र करून बॉर्डननी बडोद्यासाठी वेगळं वर्गीकरण बसवलं.

दुसरं काम माणसं घडवण्याचं. १९११ साली बॉर्डननी ग्रंथपालांचा वर्ग काढला. भारतातलं ग्रंथालयशास्त्राचं हे पहिलं शिक्षण. तोवर ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं सांभाळणारा कारकून, ज्याचं खरं काम चोरी होऊ न देणं. आमच्या शाळेच्या कपाटाची चावी ठेवणाऱ्या सरांसारखं. या वर्गात उलटं शिकवलं जात होतं. पुस्तक कुणाला लागेल, ते त्याच्यापर्यंत कसं पोचेल, त्यानं काय मागितलं आणि ते आपल्याकडे नसेल तर दुसरं काय देता येईल. १९१२ पासून ग्रंथालय खात्याचं एक नियतकालिकही निघू लागलं. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन विभाग असत. म्हणजे आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागाला तसा जुना पूर्वज आहे म्हणायचा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून आपण ज्यांचं नाव घेतो ते रंगनाथन १९२४ मध्ये मद्रासला ग्रंथपाल झाले. बडोद्याचा वर्ग त्याच्या तेरा वर्षं आधीचा.

तिसरं काम खेड्यांचं, आणि मला सगळ्यात जास्त आवडलेलं तेच.

नियम साधा होता. गावाला वाचनालय हवं असेल तर गावानं एक हिस्सा पैसे उभे करायचे. तेवढेच पैसे प्रांताच्या पंचायतीनं घालायचे आणि तेवढेच सरकारनं. समजा गावानं तीस रुपये जमवले, तर वाचनालयाला नव्वद मिळाले. इमारत बांधायची तरी हीच तिहेरी वाटणी. याच्या मागचा हिशेब बघा. सगळं सरकारनं दिलं तर वाचनालय सरकारचं, गावाला त्याचं काही पडलेलं नसतं. सगळं गावावर सोडलं तर गरीब गावात ते कधी होतच नाही. तीनातला एक भाग स्वतःच्या खिशातून गेला की माणूस चौकशी करतो, पुस्तकं आली का, मासिक का बंद झालं. महाराजांच्या हयातीतच अशा वाचनालयांची संख्या हजाराच्या पुढे गेली.

पण जिथे एवढंही जमत नाही तिथे काय? तिथे पेटी. १९११ मध्ये फिरतं ग्रंथालय सुरू झालं. मजबूत लाकडी पेटी, आत साधारण पंधरा ते तीस पुस्तकं. गावातल्या शिक्षकानं किंवा कुणा जबाबदार माणसानं मागणी करायची, पेटी रेल्वेनं रवाना. भाडं सरकार भरणार. काही महिने गावात ठेवायची, वाचून झाली की परत पाठवून दुसरी मागवायची. एक पेटी वाचून संपली की ती पुढच्या गावाला. आपल्याला नेटवर्क्सच्या पेपरात पॅकेट स्विचिंग येतं ना, मला तेच आठवलं. बडोदा राज्य सलग नव्हतं. बडोदा, नवसारी, मेहसाणा, अमरेली असे तुकडे गुजरातभर विखुरलेले, मध्ये इंग्रजांचा किंवा दुसऱ्या संस्थानिकांचा मुलूख. तरी पेटी जात होती.

आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं? त्यांच्यासाठी खात्यात चित्रांचा विभाग काढला. मॅजिक लँटर्नच्या काचा, स्टिरिओस्कोप आणि सिनेमाचं यंत्र. ग्रंथालय खात्याची माणसं गावोगाव जाऊन फुकट खेळ दाखवत. शेती, आरोग्य, परदेशातली दृश्यं. ग्रंथालय खात्यानं सिनेमा दाखवायचा, ही गोष्ट १९१२ च्या सुमाराची आहे. फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला १९१३ मध्ये.

वाचायला द्यायचं तर पुस्तकंही हवीत. महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला आणि त्याच्या व्याजातून गुजराती-मराठी पुस्तकं काढायची सोय केली. सयाजी साहित्यमाला ती हीच. मुलांसाठी बालज्ञानमाला निराळी. राजा मराठी, प्रजा बहुतांश गुजराती. त्यामुळे दोन्ही भाषांकडे लक्ष होतं. राज्यकारभाराचे शब्द लोकांना कळावेत म्हणून १९३१ मध्ये शासनशब्दकल्पतरू नावाचा आठ भाषांतला कोशही काढला. संस्कृत पोथ्या गावोगावहून जमवल्या, त्यांच्या प्रकाशनासाठी गायकवाड ओरिएंटल सिरीज निघाली आणि तो संग्रह सांभाळायला १९२७ मध्ये ओरिएंटल इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९३२ मध्ये कोल्हापूरला मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष सयाजीरावच होते. बारा वर्षांपर्यंत पाटी-पेन्सिल न धरलेला माणूस.

आता एक प्रसंग सांगतो, जो वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते तेव्हाच त्यांना बडोद्याकडून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळत होती. १९१३ मध्ये महाराजांनी त्यांना अमेरिकेला पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि शिक्षणानंतर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची असा करार. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या ग्रंथालयात त्यांनी किती तास काढले ते आपण शाळेपासून ऐकतो. पोट मारून त्यांनी तिकडे पुस्तकं विकत घेतली. पुढे लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं ज्या जहाजातून येत होती ते जर्मनांनी बुडवलं. पुस्तकं तळाला गेली. सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली तिच्यातून बडोद्याला जायचा खर्च भागला.

आणि बडोद्यात काय झालं? महाराजांनी नोकरी दिली होती. पण कचेरीतले शिपाई फायली हातात न देता लांबून टेबलावर फेकत. शहरात राहायला जागा कुणी देईना. पारशांच्या एका उतारूखान्यात ते नाव बदलून राहिले, ते कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. गोष्ट महाराजांपर्यंत गेली. त्यांनी ती दिवाणांकडे दिली. दिवाणांनी हात वर केले. काही दिवसांतच बाबासाहेब मुंबईला परतले.

हे सगळं त्याच शहरात, जिथे फुकट ग्रंथालय होतं, ग्रंथपालांचा वर्ग निघाला होता, गावोगाव पेट्या जात होत्या. राज्य चालवणाऱ्या माणसाला अंत्यजांच्या शाळा काढता आल्या, १८८२-८३ पासूनच त्या काढल्या होत्या, सवर्ण शिक्षक तिथे यायला तयार नव्हते तर दुसरे शोधले. पण स्वतःच्या कचेरीतला शिपाई बदलता आला नाही. हा दोष महाराजांचा किती आणि समाजाचा किती, यावर आमच्या रूममध्ये रात्री दोनपर्यंत वाद झाला. माझं मत असं की महाराज कमी पडले. इतक्या हुशार माणसाला बोलावून घेताना त्याची राहण्याची व्यवस्था आधी करायला नको होती का? माझ्या रूममेटचं म्हणणं, एका राजानं तेवढी शिष्यवृत्ती दिली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. दोन्ही खरं असेल. बाबासाहेबांनी पुढे मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि १९५० मध्ये आमच्या मराठवाड्यात, औरंगाबादला, मिलिंद कॉलेज.

मराठवाड्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद शहरात १८९१ पासून आसफिया ग्रंथालय होतं, मोठं आणि चांगलं. पण कारभाराची भाषा उर्दू, आणि खेड्यांसाठी बडोद्यासारखी योजना नाही. बडोद्यात खेडोपाडी पेट्या फिरत होत्या त्या वर्षांत टेंभुर्णीच्या माणसानं पुस्तक मागायचं ठरवलं असतं तर ते कुणाकडे मागितलं असतं, हे मला सुचत नाही. पोथी असेल कुणाकडे तर तीच. हैदराबाद राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला १९५५ मध्ये, महाराष्ट्राचा १९६७ मध्ये. आज आपल्याकडच्या गावांतल्या वाचनालयांना जे अनुदान मिळतं, अ, ब, क, ड असे जे वर्ग लागतात, ते त्या १९६७ च्या कायद्यामुळे.

परत बडोद्याला. बॉर्डन १९१३ ला गेले, पण काम थांबलं नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ते पुढे चालवलं आणि १९१९ मध्ये बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त आले. परदेशी तज्ज्ञ गेला की योजना गुंडाळली जाते, हे आपण कितीदा पाहतो. इथे तीन वर्षांत माणसं तयार झाली होती म्हणून ते टळलं.

मध्यवर्ती ग्रंथालयाची स्वतंत्र इमारत पूर्ण झाली १९३१ मध्ये, मांडवी भागात. तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण वाचक इंजिनिअर आहेत. पुस्तकांच्या कोठाराला तीन शत्रू : आग, वाळवी आणि अंधार. अंधार घालवायला दिवे लावले की त्या काळी आगीची भीती वाढायची. खिडक्या मोठ्या केल्या तरी मधल्या रांगांपर्यंत उजेड पोचत नाही. यावर तोड अशी काढली की लाकूड वापरायचंच नाही. अमेरिकेतल्या स्नेड कंपनीकडून पोलादी फडताळं आणली. ही साधी कपाटं नव्हेत. स्नेडच्या रचनेत फडताळांचे खांबच वरचा मजला तोलतात. म्हणजे रॅक हेच स्ट्रक्चर. मध्ये वेगळ्या भिंती, तुळया नकोत. आणि मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या. वरचा उजेड काचेतून झिरपत खालच्या मजल्यावर येतो. आग नाही, वाळवी नाही, दिवसा दिवा नाही. यावर एखाद्या लोड कॅल्क्युलेशनचा प्रश्न पेपरात आला तर मजा येईल. कागद किती जड असतो ते लायब्ररी शिफ्ट करताना एनएसएसवाल्यांनी अनुभवलंच आहे.

महाराजांचं घर मात्र या काळात रिकामं होत गेलं. पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ मध्येच क्षयानं गेल्या होत्या. पहिला मुलगा फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेला. शिवाजीराव १९१९ मध्ये, जयसिंहराव १९२३ मध्ये. तीन तरुण मुलं, ज्यांना ऑक्सफर्ड-हार्वर्डचं शिक्षण द्यायची धडपड केली होती. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे नीट झुकले नाहीत, पाठ फिरवली, म्हणून इंग्रजांचा रोष पत्करला, त्याची शाळेच्या पुस्तकात चर्चा असते. पण मुलांच्या मृत्यूनंतर या माणसानं कामाचा गाडा कसा ओढला असेल, त्याबद्दल फार कुणी लिहीत नाही. ग्रंथालय खात्याच्या पेट्या १९१९ मध्येही जात होत्या आणि १९२३ मध्येही.

६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी महाराजांच्या नावाचं विद्यापीठ निघालं. ग्रंथालय खातं राज्यांच्या अदलाबदलीत आधी मुंबईकडे, मग गुजरातकडे गेलं.

मांडवीतलं मध्यवर्ती ग्रंथालय आजही चालू आहे. आपल्याकडची बरीच मुलं ट्रेनिंगला आणि इंडस्ट्रियल व्हिजिटला बडोद्याकडे जातात. कारखाना बघून झाल्यावर एक दुपार हाताशी राहते आणि ती मॉलमध्ये जाते. त्याऐवजी स्टेशनवरून रिक्षा करून मांडवीला जा, तिथल्या ग्रंथपालांना विचारा आणि जमलं तर कोठाराच्या वरच्या मजल्यावर उभं राहून पायाखालच्या काचेतून खाली बघा. कुणी जाऊन आलं तर मला खोलीवर येऊन सांगा, मी अजून गेलेलो नाही.